बोटावरचे ९५ म्हणजे नेमके किती?

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातल्या घराघरांत एकच चौकशी दिवसातून चार-सहा वेळा व्हायची: ऑक्सिजन किती आला? उत्तर द्यायचा तो बोटाला लावलेला छोटा चिमटा, म्हणजे पल्स ऑक्सिमीटर. पडद्यावर ९४ किंवा त्याहून वर आकडा असेल तर घरीच राहा, ९० ते ९३ असेल तर आजार मध्यम, ९० च्या खाली गेला तर गंभीर, अशी वर्गवारी केंद्राच्या त्या वेळच्या उपचार-मार्गदर्शिकेत होती. श्वासाची गतीही तिच्यात धरलेली होती, पण लोकांच्या तोंडी बसला तो हा आकडा. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारच्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथकांनी दारोदार जाऊन लोकांचा ताप आणि ऑक्सिजन तपासला होता. एरवी शस्त्रक्रियागृहात आणि अतिदक्षता विभागात दिसणारे हे उपकरण वर्षभरात घरातल्या औषधांच्या डब्यात येऊन बसले. खाट कुणाला आणि सिलिंडर कुणाला, हे ठरवण्यात त्याचा शब्द जड ठरू लागला.

पण हा चिमटा ऑक्सिजन मोजत नाही. तो मोजतो प्रकाश. त्या प्रकाशावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज तो बांधतो, आणि अंदाजासाठी लागणारा तक्ता दुसऱ्याच काही माणसांच्या शरीरावरून आधी तयार केलेला असतो. पडद्यावरचा आकडा नुसता माहितीसाठी असतो तेव्हा त्यातली चूक ही आपल्या माहितीतली चूक असते. त्याच आकड्यावरून कुणी ऑक्सिजनचा नळ उघडतो किंवा बंद करतो, तेव्हा ती चूक रोग्याच्या शरीरात उतरते. म्हणून उपकरणाचे कॅलिब्रेशन, म्हणजे प्रकाश आणि ऑक्सिजन यांची सांगड घालण्याचे काम, ही कारखान्याच्या चार भिंतींआडची बाब राहू शकत नाही. तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, असे माझे म्हणणे आहे. ते पटवण्यासाठी आधी चिमट्याच्या आत डोकावायला हवे.

चिमट्याच्या एका पाकळीत दोन बारीक दिवे असतात. एक लाल, सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, सुमारे ९४० नॅनोमीटरचा. समोरच्या पाकळीत प्रकाश टिपणारा डायोड असतो. दिवे सेकंदाला शेकडो वेळा आळीपाळीने लागतात, आणि मध्ये दोन्ही विझवून खोलीतला उजेड किती आहे तेही पाहून वजा केले जाते. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून असते तेव्हा ते लाल प्रकाश फारसा शोषत नाही, म्हणून धमनीतले रक्त लालभडक दिसते. ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश बराच जास्त शोषते. अवरक्त प्रकाशाच्या बाबतीत हे उलटे होते. तेव्हा दोन्ही प्रकाश किती अडले हे कळले तर ऑक्सिजनवाल्या हिमोग्लोबिनचा वाटा काढता येईल. अडचण अशी की बोटात नुसते रक्त नसते. कातडी असते, हाड असते, नख असते, शिरांमधले गडद रक्त असते, आणि हे सगळेच प्रकाश अडवते. धमनीतल्या रक्ताचा हिशेब यातून वेगळा कसा काढायचा, हा खरा पेच होता.

तो सोडवला जपानमधल्या निहोन कोडेन या कंपनीतले विद्युत अभियंते ताकुओ आओयागी यांनी. त्यांचा मूळ विषय वेगळाच होता. रक्तात रंगद्रव्य सोडून ते किती वेगाने पातळ होते यावरून हृदय दर मिनिटाला किती रक्त ढकलते, हे कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून मोजायचे होते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर प्रकाश हेलकावायचा आणि त्यांचा आलेख बिघडायचा. हा गोंधळ काढून टाकण्यासाठी त्यांनी दोन तरंगलांब्यांचे संकेत एकमेकांविरुद्ध तोलून पाहिले, तेव्हा ऑक्सिजन बदलला की तोल बिघडतो असे त्यांच्या ध्यानात आले. जो हेलकावा पुसायला ते निघाले होते, त्यातच धमनीची बातमी होती. ठोक्याबरोबर वाढते-घटते ते फक्त धमनीतले रक्त. बाकी कातडी, हाड, शिरा जवळजवळ स्थिर राहतात. म्हणून एकूण प्रकाशातला लुकलुकणारा भाग तेवढा घ्यायचा, त्याला त्याच रंगाच्या स्थिर भागाने भागायचे, आणि लाल-अवरक्त या दोन्ही भागाकारांचे गुणोत्तर काढायचे. हा लुकलुकणारा भाग एकूण प्रकाशाच्या जेमतेम एक-दोन टक्के असतो. १९७४ मध्ये त्यांनी ही कल्पना जपानमधल्या एका परिषदेत मांडली. जवळपास त्याच सुमारास मिनोल्टा कंपनीतही दुसऱ्या गटाला स्वतंत्रपणे तीच सुचली. १९८० च्या दशकात भूलतज्ज्ञांनी ती जगभर उचलली आणि शस्त्रक्रियेतली भूल पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित झाली. आओयागी वारले ते एप्रिल २०२० मध्ये, त्यांचे उपकरण घरोघरी पोचू लागले होते तेव्हा.

आता हे गुणोत्तर हाती आले, पण गुणोत्तर म्हणजे ऑक्सिजन नव्हे. भौतिकशास्त्रातला बीअर आणि लँबर्ट यांचा शोषणाचा नियम सरळ लावता आला असता तर प्रश्न मिटला असता. तो नियम मात्र प्रकाश सरळ रेषेत जातो असे धरतो. बोटात प्रकाश पेशीपेशीवर आपटून विखुरतो आणि वाकडातिकडा फिरून बाहेर येतो. म्हणून निर्माते नियम बाजूला ठेवून प्रयोग करतात. निरोगी तरुण स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा श्वासावाटे देतात, पायरीपायरीने त्यांची ऑक्सिजन पातळी ७० टक्क्यांपर्यंत उतरवतात, प्रत्येक पायरीवर धमनीतून रक्त काढून प्रयोगशाळेत खरा आकडा पाहतात, आणि त्या वेळी गुणोत्तर काय होते ते लिहून ठेवतात. त्यातून जो वक्र निघतो तो उपकरणाच्या चिपमध्ये भरतात. गुणोत्तर १ असेल तर ८५ टक्के, ०.५ च्या आसपास असेल तर ९७-९८, असा साधारण तो वक्र असतो. ७० च्या खाली कुणाला नेणे धोक्याचे, म्हणून तिथून खालचे आकडे वक्र पुढे ओढून काढलेले असतात. बोट हलले की कधीकधी पडद्यावर ८५ का झळकते, याचे उत्तरही इथेच आहे: दोन्ही रंगांत सारखाच गोंगाट भरला की गुणोत्तर १ कडे सरकते.

थोडक्यात, तुमच्या बोटावरचा ९५ हा अनोळखी स्वयंसेवकांच्या रक्ताशी केलेला ताळा आहे. म्हणून ते स्वयंसेवक कोण होते, हे विचारणे भाग आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शनात किमान १० निरोगी माणसे आणि २०० नोंदी पुरेशा होत्या, आणि त्यांत गडद कातडीची निदान दोन माणसे किंवा एकूण संख्येच्या १५ टक्के, यांपैकी जो आकडा मोठा असेल तितकी, असावीत असे म्हटले होते. दोन माणसे! उपकरणाची चूक ३ टक्क्यांच्या आत हवी असाही नियम होता. पण ही ३ टक्क्यांची चूक वर्ग-सरासरीने काढलेली असते. म्हणजे साधारण दोन-तृतीयांश नोंदी ३ टक्क्यांच्या आत बसतात आणि उरलेल्या एक-तृतीयांश त्याहून दूर पडू शकतात. खोक्यावर ‘अधिक-उणे ३’ वाचून आपण समजतो की ९५ दिसले म्हणजे वाईटात वाईट ९२ असेल. ते खरे नाही.

कातडीच्या रंगाचा प्रश्न इथे येतो, आणि पहिल्या नजरेला तो येऊच नये असे वाटते. मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारे द्रव्य, ठोक्याबरोबर हलत नाही. ते स्थिर भागात मोडते, आणि स्थिर भागाने भागल्यावर त्याचा प्रभाव छेद खाऊन निघून जायला हवा. आओयागींच्या कल्पनेचे सौंदर्य तेच आहे. प्रत्यक्षात मात्र लाल दिवा एकाच तरंगलांबीचा नसतो. त्याचा प्रकाश ६६० च्या दोन्ही बाजूंना काही नॅनोमीटर पसरलेला असतो. मेलॅनिन लहान तरंगलांब्या जास्त गिळते, त्यामुळे गडद कातडीतून पलीकडे पोचणारा लाल प्रकाश सरासरीने थोडा लांब तरंगलांबीचा होतो. तिथे ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन कमी शोषते, म्हणून लाल रंगाचा लुकलुकणारा भाग घटतो, गुणोत्तर खाली येते आणि पडद्यावरचा आकडा खऱ्यापेक्षा वर चढतो. शिवाय विखुरलेल्या प्रकाशाच्या वाटा बदलतात आणि संकेत क्षीण होतो. यातल्या कुठल्या कारणाचा वाटा किती, यावर संशोधन चालूच आहे. चुकीची दिशा मात्र अनेक अभ्यासांत एकच निघाली आहे: शरीरात ऑक्सिजन कमी असताना गडद कातडीवर आकडा बरा दिसतो.

हे काल-परवा उमगलेले नाही. १९९० मध्ये अमल जुब्रान आणि मार्टिन टोबिन यांनी व्हेंटिलेटरवरच्या रोग्यांचा अभ्यास करून सांगितले होते की गोऱ्या रोग्यांत ९२ हे लक्ष्य पुरेसे ठरते, कृष्णवर्णीयांत तितकीच खात्री हवी तर ९५ धरावे लागते. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने प्रयोगशाळेत तेच दाखवले, आणि ऑक्सिजन जितका खाली तितकी चूक मोठी, हेही दाखवले. तरीही वैद्यकविश्व खडबडून जागे झाले ते डिसेंबर २०२० मध्ये, मिशिगन विद्यापीठातल्या मायकेल शोडिंग आणि सहकाऱ्यांच्या एका पत्रामुळे. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ च्याही खाली ऑक्सिजन असलेले रोगी गोऱ्यांत ३.६ टक्के होते, कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. पहिला इशारा आणि हे पत्र यांच्यात तीस वर्षे गेली, आणि त्या तीस वर्षांत जगभर जी उपकरणे विकली गेली त्यांचे तक्ते बहुतांशी तसेच राहिले. मला हे गंभीर वाटते.

यावर पहिला आक्षेप नेहमी हाच येतो की दोन-तीन टक्के म्हणजे किरकोळ चूक. हा आक्षेप वरवर रास्त आहे, पण त्याचे खणखणीत उत्तर अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या इतिहासात आहे. १९४२ मध्ये बॉस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी अशा बाळांच्या डोळ्यांत भिंगामागे पांढरा थर धरून दृष्टी जाते, असे पहिल्यांदा नोंदवले. पुढच्या दहा वर्षांत जगभर सुमारे दहा हजार मुले आंधळी झाली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी बोट ठेवले ते इन्क्युबेटरमध्ये सढळ हाताने सोडल्या जाणाऱ्या ऑक्सिजनवर, आणि १९५३-५४ मधल्या अमेरिकी चाचणीने ते सिद्ध केले. लगोलग ऑक्सिजन आवळला गेला. अंधत्व घटले, पण बाळे गुदमरून जाऊ लागली. १९७३ मध्ये केनेथ क्रॉस यांनी हिशेब मांडला की एका बाळाची दृष्टी वाचवण्याच्या बदल्यात सुमारे सोळा बाळांचे प्राण गेले असावेत. जास्त दिला तर डोळे जातात, कमी दिला तर जीव जातो. मधली सुरक्षित पट्टी किती रुंद, हे कुणालाच माहीत नव्हते, कारण तोवर बाळाच्या रक्तातला ऑक्सिजन क्षणोक्षणी पाहण्याचे साधनच नव्हते.

ऑक्सिमीटर आल्यावर ती पट्टी शोधण्यासाठी मोठ्या चाचण्या झाल्या. अमेरिकेतली ‘सपोर्ट’ चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिची रचना आपल्या प्रश्नाला जितकी लागू पडते तितकी दुसरी कुठली पडणार नाही. गर्भकाळाचे २४ ते २७ आठवडे झालेली १,३१६ बाळे दोन गटांत विभागली होती. एका गटाची पातळी ८५ ते ८९ ठेवायची होती, दुसऱ्याची ९१ ते ९५. परिचारिकांना गट कळू नये म्हणून ऑक्सिमीटर मुद्दाम चुकीचे बसवले होते. दोन्ही गटांत पडद्यावर ८८ ते ९२ राखायचे एवढेच त्यांना सांगितले होते. एका गटात यंत्र सुमारे ३ ने जास्त दाखवायचे, दुसऱ्यात सुमारे ३ ने कमी. तेच कर्मचारी, तेच नळ, पडद्यावरचे तेच लक्ष्य. वेगळे होते ते फक्त कॅलिब्रेशन. कमी पातळीच्या गटात १९.९ टक्के बाळे दगावली, जास्त पातळीच्या गटात १६.२ टक्के. उलट, वाचलेल्या बाळांत डोळ्यांचा गंभीर विकार कमी पातळीच्या गटात ८.६ टक्के आणि जास्त पातळीच्या गटात १७.९ टक्के आढळला. पालकांना धोक्याची पुरेशी कल्पना दिली होती का, यावर अमेरिकेत पुढे मोठा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण ३ टक्के किरकोळ असतात का, याचा निकाल या आकड्यांनी दिला आहे.

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ‘बूस्ट-२’ या भावंड चाचणीत तर न ठरवलेली चूकच सापडली. बाळांच्या नोंदींचा आलेख काढताना संशोधकांना दिसले की ८७ ते ९० हे आकडे जितके यायला हवेत तितके येतच नाहीत, तिथे आलेखात खड्डा पडला आहे. शोध घेतल्यावर कळले की त्या टप्प्यात उपकरणातला वक्र आकडे एक-दोन टक्क्यांनी वर ढकलत होता. सॉफ्टवेअर सुधारले गेले आणि चाचणी पुढे चालली. सुधारित उपकरणांवर सांभाळलेल्या १,१८७ बाळांत कमी पातळीच्या गटातले मृत्यू २३.१ टक्के निघाले, जास्त पातळीच्या गटातले १५.९ टक्के. दोन्ही गटांतला फरक आता ठसठशीत दिसत होता, म्हणून ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातली भरती वेळेआधी थांबवण्यात आली. एक-दोन टक्क्यांची चूक आधीच्या बाळांत दोन्ही गटांना एकमेकांकडे सरकवत होती आणि मृत्यूंतला फरक झाकत होती. पुढे २०१८ मध्ये अशा पाच चाचण्यांतल्या जवळपास पाच हजार बाळांचा एकत्र अभ्यास झाला, त्याचाही कौल याच दिशेने गेला. आज अनेक मार्गदर्शिका अशा बाळांसाठी ९० ते ९५ च्या आसपास राहायला सांगतात.

एवढ्या छोट्या फरकाला एवढी किंमत का, हे हिमोग्लोबिनच्या स्वभावात आहे. रक्तातला ऑक्सिजनचा दाब आणि ऑक्सिजनवाल्या हिमोग्लोबिनची टक्केवारी यांचा आलेख सरळ रेषेत चढत नाही, तो आधी उभा चढतो आणि मग सपाट होतो. ९० टक्क्यांना दाब साधारण ६० मिलिमीटर पारा असतो. त्याच्या खाली चढण उभी आहे, दाब थोडा उतरला की टक्के घसरगुंडीला लागतात, आणि चूक झाली तर सावरायला अवधी राहत नाही. वरच्या टोकाला उलटा प्रकार होतो: दाब १०० असो की ३००, ऑक्सिमीटर ९८ ते १०० एवढेच सांगतो. म्हणजे जिथे बाळाच्या डोळ्यांना जादा ऑक्सिजनचा धोका आहे तिथेच हे उपकरण आंधळे होते. म्हणून नवजात विभागात ऑक्सिजनवर ठेवलेल्या बाळाच्या पडद्यावर १०० दिसले तर कुशल परिचारिका निर्धास्त होत नाही, ती मिश्रणातला ऑक्सिजन कमी करते.

दुसरा आक्षेप जाणत्या डॉक्टरांचा आहे: आम्ही आकड्यावर उपचार करत नाही, रोग्यावर करतो. चांगल्या डॉक्टरांच्या बाबतीत हे खरे आहे. ऑक्सिमीटरच्या इतर मर्यादा त्यांना ठाऊक असतात. न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइड चढलेल्या माणसाला हे उपकरण ९८ दाखवते, कारण लाल प्रकाशात त्या वायूने भारलेले हिमोग्लोबिन ऑक्सिजनवाल्या हिमोग्लोबिनसारखेच वागते. रक्तक्षय झालेल्या बाईलाही ते ९८ दाखवते. हिमोग्लोबिन १४ ग्रॅम असेल तर ९८ टक्क्यांना दर १०० मिलिलीटर रक्तात सुमारे १८ मिलिलीटर ऑक्सिजन असतो, हिमोग्लोबिन ७ असेल तर त्याच ९८ ला सुमारे ९. पडद्यावर फरक शून्य. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते, तेव्हा ही पुस्तकी शंका नाही. पण महासाथीत उंबरठ्यावर निर्णय घेत होत्या आशाताई, वॉर रूममधले स्वयंसेवक आणि घरातली माणसे. त्यांच्यापुढे रोग्याचा पूर्ण इतिहास नव्हता, धमनीतल्या रक्ताची तपासणी नव्हती, एक आकडा आणि एक मर्यादा होती. तज्ज्ञाचा विवेक जिथे पोचत नाही तिथेच हे उपकरण सर्वात जास्त वापरले जाते, म्हणून त्याचा खरेपणा तिथेच सर्वात जास्त लागतो.

मग गडद कातडीसाठी दोन-तीन टक्के सरळ वजा का करू नयेत? सोपा वाटणारा हा उपाय टिकत नाही. सरासरी चूक लहान असते, माणसागणिक तिचा पसारा मोठा असतो. एकाच सावळ्या रंगाच्या दोन माणसांत एकाचा आकडा बरोबर आणि दुसऱ्याचा चार टक्क्यांनी चढलेला असू शकतो. चूक ऑक्सिजनच्या पातळीनुसारही बदलते. सगळ्यांसाठी मर्यादा वर ओढली तर खाटा आणि सिलिंडर ज्यांना गरज नाही त्यांच्यावर खर्ची पडतात, आणि २०२१ मध्ये ते किती महाग पडले असते हे सांगायला नको. बाळांच्या बाबतीत तर वर ओढलेली मर्यादा थेट डोळ्यांवर जाते. शिवाय रंगाची वर्गवारी कुठून आणायची? अमेरिकी अभ्यासांतले गट तिथल्या वंशांच्या नोंदीवरून पाडलेले आहेत. भारतात एकाच चाळीत, एकाच कुटुंबात कातडीच्या पाच छटा सापडतात. तिथला ‘गोरा’ आणि ‘काळा’ इथे लागू होत नाही. छटा उपकरणाने मोजावी लागेल, आणि दुरुस्ती तक्ता बनवतानाच करावी लागेल.

तोवर हाती असलेल्या चिमट्यातून जास्तीत जास्त खरे काढण्याचा एक मार्ग आहे, आणि तो महाराष्ट्रात लोकांना माहीत झाला होता: सहा मिनिटे चालण्याची चाचणी. आधी बसून आकडा घ्यायचा, घरातल्या घरात सहा मिनिटे सपाटीवर चालायचे, पुन्हा त्याच बोटाला तोच चिमटा लावून पाहायचे. आकडा तीनपेक्षा जास्त उतरला किंवा ९३ च्या खाली गेला तर डॉक्टर गाठायचा. मोजमापशास्त्राच्या दृष्टीने ही युक्ती शहाणपणाची आहे. उपकरण तुमच्या कातडीवर दोन टक्के जास्त दाखवत असेल तर ते आधीही दाखवते आणि नंतरही. वजाबाकीत ती चूक बरीचशी निघून जाते. पूर्ण जात नाही, कारण खालच्या पातळीला चूक वाढते आणि उतार खऱ्यापेक्षा थोडा कमी दिसतो. तरीही एका सुट्या आकड्यापेक्षा एकाच माणसाच्या दोन आकड्यांतला फरक कितीतरी विश्वासाचा. हाताला ऊब देऊन, नखावरचा रंग आणि मेंदी टाळून, आकडा स्थिरावेपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबून घेतलेल्या रोजच्या नोंदींची वही रोग्याजवळ असेल तर डॉक्टरच्याही उपयोगी पडते.

शेवटचा आक्षेप मला सर्वात वजनदार वाटतो. स्वस्त ऑक्सिमीटरने असंख्य लोक वेळेवर दवाखान्यात पोचले. जगातल्या सुमारे ७७ हजार शस्त्रक्रियागृहांत ऑक्सिमीटरच नाही, असा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला होता. अशा वेळी अचूकतेची चर्चा करणे म्हणजे लोकांचा विश्वास उडवणे नाही का? मी हा धोका मान्य करतो, आणि म्हणूनच स्पष्ट सांगतो की काहीच न मोजण्यापेक्षा थोडे चुकीचे मोजणे अनेकदा बरे. पण स्वस्त आणि अचूक यांच्यात अटळ वैर नाही. २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या त्याच विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी सहा स्वस्त ऑक्सिमीटर स्वयंसेवकांवर तपासले, तेव्हा काही साफ नापास झाले आणि काही महागड्या यंत्रांच्या तोडीचे निघाले. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. दुकानात उभ्या गिऱ्हाइकाला ते ओळखता येणे शक्य नाही. विक्रेत्याकडे असलेला कृत्रिम बोटाचा तपासनीसही ते सांगू शकत नाही, कारण तो फक्त उपकरण स्वतःच्या तक्त्याला धरून चालते का एवढेच पाहतो. तक्ता खरा आहे की नाही हे जिवंत माणसाच्या रक्ताशी ताडूनच कळते.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नव्या मार्गदर्शनाचा मसुदा काढला. त्यात दहाऐवजी दीडशे किंवा अधिक माणसांवर चाचणी, कातडीच्या छटेची दहा पायऱ्यांच्या मंक मापपट्टीवर आणि उपकरणानेही नोंद, आणि निरनिराळ्या छटांमध्ये यंत्र सारखेच चालते याचा पुरावा, अशा अपेक्षा आहेत. आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये सरकारने ऑक्सिमीटरवरच्या विक्री-नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. गरजेच्या काळात ते योग्यच होते. पण ज्या बारकाईने किंमत पाहिली गेली त्याच बारकाईने तक्ताही पाहायला हवा, आणि त्यासाठी सर्वात सोपी जागा म्हणजे सरकारी खरेदीची निविदा. राज्ये हजारोंच्या संख्येने हे चिमटे घेतात. निविदेत चार प्रश्न घालता येतात: चाचणी किती माणसांवर झाली, त्यांत भारतीय कातडीच्या छटा किती, चुकीचा पसारा प्रत्येक छटेला वेगवेगळा किती, आणि थंड किंवा रक्तपुरवठा कमी असलेल्या बोटांवर काय निघाले. उत्तर कागदपत्रांसह नसेल तर दर कितीही कमी असला तरी माल घेऊ नये. अशी चाचणी इथे करायला लागणारी साधनसामग्री परकी नाही: नायट्रोजन मिसळलेल्या हवेचे सिलिंडर, धमनीत नळी घालणारा भूलतज्ज्ञ, रक्तातला ऑक्सिजन थेट मोजणारे को-ऑक्सिमीटर, नैतिकता समितीची परवानगी आणि समजून-उमजून पुढे आलेले स्वयंसेवक. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात ही व्यवस्था उभी राहू शकते, आणि तिचा खर्च लाखभर चिमट्यांवर वाटला तर एका चिमट्यामागे फारसा पडणार नाही.